कॉटखालचा माणूस

पत्राला उत्तर लिहायला जमेना, म्हणून बन्सी ओव्हाळ जर्मनीला गेले. जगात याहून सोपे उपाय असतात हे त्यांनाही ठाऊक होतं. पण माणूस एकदा सोप्या उपायाला घाबरला की अवघड उपाय आपोआप त्याच्या अंगावर येऊन पडतो.

पत्र करुणाचं होतं, त्यांच्या मुलीचं. रांजणगावच्या एका कारखान्याने तिला मूळ कंपनीत, जर्मनीतल्या एका लहानशा गावी धाडलं होतं. हल्ली लोक फोनवर तोंड दाखवून बोलतात. करुणाने मात्र चक्क कागदावर शाईने लिहिलं, कारण फोनवर तिच्या वडिलांची दोनच वाक्यं ठरलेली होती. एक, 'बरी हाईस ना' आणि दोन, 'आईकडं देतो'.

पत्र असं होतं: 'आबा, गळ्यात गाठ आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं नाही, पण आवाजाची नस तिथूनच जाते. आवाज काही दिवस बसेल, क्वचित कायमचाही बसतो. इथे पेशंट एकटेच ऑपरेशनला जातात, तुम्ही कुणी यायची गरज नाही. एकच विचारायचं आहे. मी लहानपणी तुमच्यासमोर बसून तासन्‌तास बडबडायचे आणि तुम्ही पुस्तकात तोंड घालून बसायचात. ते तुम्हाला ऐकू जायचं का? फोनवर सांगू नका, तुम्हाला जमणार नाही. लिहून कळवा.'

बन्सी ओव्हाळ शिरूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली, स्वतःचं एक वाक्य मात्र त्यांना कधी धड वाटलं नाही. उत्तराचा पहिला मसुदा त्यांनी वाचून पाहिला, तो पाणीपुरवठा बंद राहील या सूचनेसारखा वाटला. दुसरा शोकसंदेशासारखा झाला. तिसरा चांगला उतरला, म्हणून हा आपण कुठून तरी उचलला असणार अशी त्यांना शंका आली आणि त्यांनी तो फाडला. ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली आणि टोपलीतले कागद वाढत चालले.

शेवटी विठाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, टोपली चुलवणात रिकामी करता करता निकाल दिला. "लिव्हायला जमंना तर तोंडानं सांगून या. पण पोरीला उत्तर पायजे."

"तूच जा की," बन्सी म्हणाले.

विठाबाई तर त्याच दिवशी निघाल्या असत्या. पण त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, आणि मिळायचं लक्षणही नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म एक जूनचा होता, आधारवर एक जानेवारीचा, आणि त्यांच्या आईच्या म्हणण्यानुसार घोडनदीला पूर आला त्या सालच्या ज्वारीच्या खुरपणीत. बन्सींकडे मात्र पासपोर्ट होता. निवृत्तीच्या सुमारास वाचनालयात पासपोर्टचं शिबिर झालं, तेव्हा नमुना म्हणून कुणाचा तरी अर्ज भरून दाखवायचा होता, आणि 'नको' म्हणायला बन्सींना लाज वाटली. तो नमुना आता त्यांच्या गळ्यात आला.

ही बातमी दौंडला गेली तशी त्यांची थोरली बहीण साखराक्का आपल्या मुलाला, महेंद्रला घेऊन दुपारच्या एसटीने हजर झाली. महेंद्र दोन वर्षं दुबईत राहून आला होता, त्यामुळे परदेश या विषयावर घरात त्याचाच शब्द शेवटचा. पण दवाखाना या विषयावर साखराक्कापुढे कुणाची बिशाद नव्हती. दौंडपासून पुण्यापर्यंतच्या दवाखान्यांत तिने इतक्या माणसांची उस्तवार केली होती, की काही वॉर्डबॉय तिला मावशी म्हणत.

"बन्सी, ध्यानात ठिव," ती म्हणाली, "पेशंटपाशी माणूस पायजे. आन् माणूस म्हंजी कॉटखाली. खुर्चीवर बसलेलं माणूस कवा बी उठून जातंय. कॉटखाली आंथरून पडलंय म्हंजी ते घरचं. डाक्टर आला की पहिलं खाली बघतोय. खाली कोण न्हाई दिसलं की त्यो समजतो, हिला कोण न्हाई."

"तिकडं असं चालत नसंल, आक्का."

"का? तिकडं कॉटला पाय नसत्यात का?"

साखराक्काने बरोबर आणलेली वाकळ उलगडली. तिच्या आणि विठाबाईंच्या जुन्या लुगड्यांची, सात थरांची, एका माणसाला कशीबशी उचलता येईल अशी. ही वाकळ आतापर्यंत चार ऑपरेशनं आणि दोन बाळंतपणं करून आली होती आणि सगळी माणसं धडधाकट घरी परतली होती. तिचं हे रेकॉर्ड कुठल्याही सर्जनने हेवा करावा असं होतं.

शेजारचे तात्याबा कुंपणावरून ऐकत होते. त्यांची गुलछडीची शेती, पण पहाटे फुलं मार्केटला गेली की उरलेला दिवस ते सल्ल्याला मोकळे असत. "बन्सीभाऊ, शहाळं मिळतंय का तिकडं? न्हाई तर पेशंटला न्यायचं काय? मोकळ्या हातानं जाता का?"

"मी घरचाच आहे, तात्याबा. मी भेटायला जात नाही."

"तरी बी. पारल्याचा पुडा तरी असावा."

व्हिसाच्या कचेरीत महेंद्र बरोबर होता. येताना बसमध्ये त्याने मामांना पढवलं होतं, विचारतील तेवढंच बोला. हा सल्ला बन्सींच्या प्रकृतीला मानवणारा होता. पण काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, "काका, तिथे जाऊन तुम्ही काय करणार?" आणि खोटं बोलायचा सराव नसल्याने बन्सी म्हणाले, "कॉटखाली झोपणार."

मुलीने टंकायचं थांबवलं. "म्हणजे पेशंट तुम्ही?"

"नाही. पेशंट कॉटवर. मी खाली."

"राहण्याचा पत्ता काय लिहू?"

महेंद्रने मामांचा पाय दाबला, पण उशीर झाला होता. मुलीने करुणाच्या घरचा पत्ता लिहिला, आणि मग खरी अडचण निघाली. हा माणूस परत येईल याचा पुरावा हवा होता. दुसऱ्यांच्या फायलीत कारखाने होते, शेतं होती, दुकानं होती. बन्सींनी खूप विचार केला. त्यांना परत यावं लागेल असं एकच कारण होतं. वाचनालयाची चार पुस्तकं त्यांच्या नावावर होती.

तात्याबांनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यांनी नगरसेवकाच्या लेटरहेडवर स्वतः मजकूर सांगून दाखला करून आणला: 'दाखला देण्यात येतो की, सदर इसम आमच्या पूर्ण परिचयाचे असून ते कोठेही गेले तरी दिवे लागणीच्या आत परत येतात. त्यांनी परगावी मुक्काम केल्याचे एकच उदाहरण ज्ञात असून तो दौंड येथे सख्ख्या बहिणीकडे, एसटी चुकल्यामुळे झाला. त्यांना बाहेर करमत नाही.' खाली गोल शिक्का. महेंद्र म्हणाला, हे फाईलला लावलं तर आपल्याला हाकलून देतील. बन्सींना तो दाखला अपमानकारक वाटला, कारण तो शब्दशः खरा होता. व्हिसा मिळाला. दाखल्याने मिळाला की दाखला असूनही मिळाला, हे कोडं शिरूरमध्ये अजून सुटलेलं नाही. तात्याबांपुरतं सुटलेलं आहे.

विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बन्सींना पाणी हवं होतं, पण बाई कामात दिसत होती म्हणून त्यांनी ते मागितलं नाही. तिकडे उतरल्यावर कस्टमच्या माणसाने वाकळ उलगडायला लावली. सात थर तो एकेक करून चाचपत गेला. आत काहीच नाही हे पाहून त्याचा संशय अधिकच वाढला, कारण काही लपवायचं नसताना माणूस एवढं ओझं घेऊन जग का ओलांडेल, हे त्याच्या प्रशिक्षणात बसत नव्हतं. शेंगदाण्याच्या चटणीवर मात्र त्याने फक्त नाक लावलं आणि मागे सरला.

करुणा घ्यायला आली होती. गळ्याशी रुमाल गुंडाळला होता. "आबा, तुम्ही खरंच आलात?" एवढंच ती म्हणाली, आणि मग वाकळ दिसली तशी हसायला लागली. गाडीत ती सबंध रस्ता बोलत होती. इथली थंडी, कंपनीतला साहेब, खालच्या मजल्यावरचं कुत्रं. आवाज राहील तोवर वापरून घ्यावा असा तिचा वेग होता. बन्सी शेजारी बसून मान हलवत होते आणि उत्तराची जुळवाजुळव करत होते. पहिल्या वाक्याची सुरुवात सापडली तेव्हा घर आलं होतं. पत्राबद्दल तिने विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून ते जास्तच जड झालं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्यात गेले. दवाखाना एवढा स्वच्छ आणि निःशब्द होता, की बन्सींना तो आपल्या वाचनालयाचा थोरला भाऊ वाटला. फरक एवढाच, की इथे कुणी घोरत नव्हतं. नर्सचं नाव उलरिके. उंचीने दारात मावायची नाही, आणि बोलताना थेट डोळ्यांत बघायची, त्यामुळे बन्सी तिच्याशी बोलताना तिच्या खिशातल्या पेनांकडे बघत. तिला काय म्हणावं हे न सुचून त्यांनी हात जोडून "जयभीम" केला. तिनेही हात जोडून "जयभीम" म्हटलं. परदेशातलं त्यांचं हे पहिलं यशस्वी संभाषण.

साखराक्काने विहारातून आणून दिलेला पांढरा दोरा करुणाच्या मनगटावर होता. उलरिकेने तो कापला नाही. तिने त्यावर टेप लावली आणि काहीतरी नोंदवून घेतलं. बन्सींचा जीव जरा थाऱ्यावर आला. मग तिने करुणाला गोळी दिली आणि बाहेर गेली.

"आबा, आता तुम्ही घरी जाऊन पडा. इथे कुणी थांबत नाही. झालं की फोन करतील."

"मी हाय इथं."

"कुठे?"

बन्सींनी दाराकडे पाहिलं. मग वाकळ पसरली आणि कॉटखाली सरकले. हे काम त्यांना वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. वरून करुणाचा आवाज आला, "आबा, इथे हे चालत नाही." तो गोळीने जड झाला होता.

"मी कुनाला दिसनार न्हाई," खालून उत्तर गेलं. शिरूर सोडल्यापासून त्यांनी उच्चारलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं. इथे काहीतरी सांगायला हवं, एवढी एकच वेळ आहे, हे बन्सींना कळत होतं. पाठीखाली दोन घरच्या बायकांची लुगडी, वर लेक. शिरूरच्या घड्याळाने त्यांची दुपारची झोपेची वेळ होती. उत्तराचं पहिलं वाक्य जुळवता जुळवता त्यांचा डोळा लागला.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या एकत्रित अनुभवात एक गोष्ट कधी आली नव्हती. आपल्याकडे पेशंटला कॉटवरून उचलतात, स्ट्रेचरवर घालतात आणि नेतात. कॉट जागेवर राहते, कॉटखालचा माणूसही. तिकडे कॉटला चाकं असतात आणि पेशंटला कॉटसकट ऑपरेशनला नेतात. दोन माणसं आली, त्यांनी पायाने कळ दाबली आणि कॉट सरळ दाराबाहेर ढकलत नेली. त्यांची नजर पुढे होती. करुणा गुंगीत होती.

बन्सींना जाग आली ती डोक्यावरचं छप्पर गेल्याने. रिकाम्या, झगझगीत खोलीच्या मधोमध एका रंगीबेरंगी वाकळीवर ते उताणे पडले होते, आणि उलरिके धरून चार डोकी वरून वाकून बघत होती. ताडकन उठून बसावं आणि 'काही नाही, मी पेशंटबरोबर आहे' असं सांगावं, हा सरळ मार्ग होता. पण बन्सी ओव्हाळांना इतकी लाज वाटली, की त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

इथून पुढे गोष्टी त्यांच्या हातात राहिल्या नाहीत. भिंतीवरची कुठलीशी घंटा वाजली. कुणी मनगट धरलं, कुणी पापणी उघडून बॅटरी मारली, कुणीतरी गालांवर हलक्या चापट्या मारत काही विचारू लागलं. जितका वेळ जाई तितकं डोळे उघडणं अवघड होत होतं, कारण आतापर्यंत का उघडले नाहीत याचा खुलासा करावा लागला असता. शेवटी त्यांना उचलून चाकाच्या कॉटवर घातलं. रक्तदाब मोजला. तो अर्थातच भयंकर वाढलेला होता. ज्याची लेक आत गेली आहे आणि जो चार परक्या माणसांसमोर मेल्याचं सोंग घेऊन पडला आहे, त्याचा आणखी किती असणार.

दोन मजले वर नेऊन त्यांना पुरुषांच्या खोलीत दाखल केलं. छातीला वायरी, हाताला पट्टा, आणि अंगात तो झगा. या झग्याविषयी एवढंच सांगतो, की तो पुढून शर्टासारखा असतो आणि मागून काहीच नसतो. चार पुस्तकांचा जबाबदार सभासद, माजी ग्रंथपाल आणि सदर इसम भिंतीला पाठ लावून पडून राहिला. करुणाचं काय झालं हे विचारायचं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येई. पण बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात तपासून घ्यायची सवय, तोवर नर्स निघून जायची. शेवटी त्यांनी एकीच्या बाहीला धरलं. उभ्या जन्मात त्यांनी परक्या बाईला हात लावला नव्हता. "डॉटर," ते म्हणाले. पुढे काही येईना. तिने डॉक्टरला बोलावून आणलं.

तिकडे करुणा शुद्धीवर आली. गाठ साधी निघाली होती. आवाज मात्र नव्हता, तोंड उघडलं की नुसता वारा. उलरिकेने तिला लहानशी पाटी आणि पेन दिलं. तिने पहिला शब्द लिहिला, 'वडील?' उलरिकेने काळजीच्या सुरात सांगितलं, तुझे वडील ॲडमिट आहेत.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि उलरिकेने चाकाची खुर्ची आत आणली. खुर्चीत करुणा, गळ्याला पट्टी, मांडीवर घडी घातलेली वाकळ. ती बापाच्या कॉटशेजारी बसली आणि पाटीवर लिहिलं, 'पेशंटपाशी माणूस पाहिजे.'

तेवढ्यात तिच्या फोनवर शिरूर आलं. पडद्यावर विठाबाई, मागे साखराक्का, त्यांच्या खांद्यावरून तात्याबा. विठाबाईंनी वायरी लावलेला नवरा पाहिला, शेजारी बसलेली लेक पाहिली.

"अवं, आपरेशन कुनाचं व्हतं?"

करुणाला बोलता येत नव्हतं. बन्सींना कधीच येत नव्हतं.

"फोन खाली कर गं," साखराक्का मागून म्हणाली. "कॉटखाली कोण हाय ते दाव." करुणाने फोन खाली केला. कॉटखाली फरशी लखलखत होती. "बघितलंस? कोण न्हाई. मग बरं कसं वाटंल त्याला?"

फोन बंद झाला. करुणा थकली होती. तिने पाटी पुसली, पुन्हा हातात धरली, पण लिहिलं काहीच नाही. इतकी वर्षं या दोघांमध्ये बोलायचं काम तिचं होतं. आता ते कुणीच करत नव्हतं, आणि ही शांतता वाचनालयातली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं, तसा बन्सींना घाम फुटला. काहीतरी बोलायला हवं होतं. स्वतःचं तर सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी तिचंच काढलं.

"ती तुझी सीमा," ते म्हणाले, "दप्तरात शेळीचं करडू घिऊन शाळंत आली व्हती. गुरुजींनी हजेरी घेतली, तवा तिच्या नावाला करडानंच उत्तर दिलं. तू चौथीला व्हतीस. सांगताना तू करडाचा आवाज काढला, आन् तुझ्या आईला वाटलं, तात्याबाची शेळी घरात आली."

करुणाने मान वर केली.

"मग पाचवीत त्या तपासनीस सायबाची खुर्ची मोडली. तू म्हनालीस, त्यो पडला तरी हातातली बिस्किटं सोडली न्हाईत. सातवीत तुला मास्तरीन व्हायचं व्हतं, आठवड्यानं कंडक्टर. दहावीला म्हनालीस, जिथं मला कोण वळखत न्हाई अशा गावाला जायचंय. तवा मी पान उलटलं न्हाई. तुला वाटलं आसंल, वाचतोय."

ते थांबेनातच. गुलछडीत साप निघाल्याचं सांगून झालं. शाळेच्या सहलीत सगळी बस राहू गावाला थांबून ऊस खात बसली आणि सहल तिथेच संपली, तेही झालं. करुणा हसायला लागली. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते आणि ती दोन्ही हातांनी गळा धरत होती. उलरिके धावत आली. तिने टाक्यांकडे बोट दाखवलं, बन्सींकडे दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

उभ्या आयुष्यात बन्सी ओव्हाळांना कुणी 'आता पुरे' म्हटलं नव्हतं. ते इतके चकित झाले, की झग्याचं भान न राहून उठून बसले.

ते शिरूरला परतले तेव्हा ठरल्याप्रमाणे दिवे लागायचे होते. वाकळ करुणाने ठेवून घेतली होती. अंगणात माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात पारल्याचा पुडा होता. तात्याबा शहाळं सोलत होते. गावात झालेली बातमी अशी, की लेकीला बघायला गेले आणि तिकडच्या डॉक्टरांनी ह्यांचंच ऑपरेशन केलं. "टाकं दिसंनात," कुणीतरी म्हणालं. "तिकडं दिसू देत न्हाईत," महेंद्रने माहिती दिली. खुलासा करायला बन्सींनी तोंड उघडलं, पण एवढ्या लोकांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं, की त्यांनी शहाळं तोंडाला लावलं.

काही आठवड्यांनी करुणाचा फोन आला. आवाज परतला होता, जरा घोगरा, भरल्या माठासारखा. ती खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यापासून सुरू झाली. बन्सींनी पुस्तक मिटलं. ऐकत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आणि आबा, पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही."

"सांगितलं की तिथं."

"ते तुम्ही पेशंट असताना. ते धरत नाहीत. मी लिहून मागितलंय."

मग त्यांनी लिहिलं. या वेळी एकच मसुदा झाला, कारण दोनच ओळी होत्या. पोस्टात खिडकीवर इंद्रजीत होता, वाचनालयाचा जुना सभासद. त्याने पाकीट हातावर तोललं. "आबा, येवढ्या लांब पाठवायचं आन् आत काय हाय का न्हाई?"

"हाय."

त्याने तिकिटं चिकटवली. बन्सी बाजूला झाले, दारापर्यंत गेले, आणि तिथे त्यांना शंका आली. 'चि. करुणास, सगळं ऐकू येत होतं. आता आवाज आला आहे, तर पुढचं सांग.' यात 'सगळं' हा शब्द जरा जास्त झाला का? एखादं सुटलंही असेल. 'बरंचसं' जास्त खरं. ते लगबगीने खिडकीशी आले. "इंद्रजीत, जरा दे बरं परत. एक शब्द बदलायचाय."

खिडकीमागून धप्पकन आवाज आला.

"शिक्का बसला, आबा," इंद्रजीत म्हणाला, आणि त्याने पाकीट पोत्यात टाकलं.